मानशीची दारं आणि आपलं शरीर

नमस्कार श्रोतेहो. दुपारचे तीन वाजत आलेत, बाहेर काय उकडतंय ते मी सांगायला नको, पंखा फुल स्पीडवर आहे आणि वारा गरमच लागतोय. तरीसुद्धा आत्ता घरातल्या कुणाच्याही तोंडात थर्मामीटर ठेवा, ताप नसेल तर तो ३७ च्या आसपासच दाखवणार, आणि जानेवारीत पहाटे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात शेकोटीशी बसलेल्या माणसाचं मोजलंत तरी साधारण तेवढंच. मी वीस वर्षं नर्सिंगच्या मुलींना फिजिऑलॉजी शिकवली, म्हणजे शरीर काम कसं करतं ते, पण या एका आकड्याचं नवल मला अजून तितकंच वाटतं.

वर्गात हे समजावताना मी मानशीचं उदाहरण द्यायचे, मानस म्हणजे बांधातलं पाणी अडवायचं-सोडायचं दार. माझं आजोळ गोव्यातल्या चोडण बेटावरचं, मामांची शेती खाजनातली. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली असलेली जमीन, पलीकडे मांडवीचं खारं पाणी, मधे बांध आणि बांधात मानस. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच तिची लाकडी दारं मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात, कुणाला ढकलावं लागत नाही. लहानपणी मला वाटायचं शेतात काहीच घडत नाही, किती शांत आहे, पण शेत तसं राहत होतं ते ती दारं रोज उघडमीट करत होती म्हणूनच.

शरीराचंही हेच चालू असतं. फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलं की आपल्या पेशी बाहेरच्या हवेत जगतच नाहीत, त्या आतल्या द्रवात जगतात आणि तो द्रव सारखा राहतो म्हणून आपण उन्हातान्हात मोकळे फिरतो. पुढे अमेरिकेतले वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये याला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. तापमान, साखर, मीठ, आम्लता, सगळं मोजून चालू असतं, रक्ताचा पीएच तर ७.३५ ते ७.४५ एवढ्याशा पट्ट्यात.

आता घामाचं बघा. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे, त्याला रक्त तापलेलं कळलं की तो त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करायला लावतो आणि घाम सोडतो. पण गारवा घाम येण्याने मिळत नाही, तो वाळण्याने मिळतो. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि गोव्यात नेमकी इथेच पंचाईत होते कारण हवा आधीच इतकी दमट की घाम वाळत नाही, नुसता गळतो, म्हणजे पाणी गेलं, मीठ गेलं आणि थंडावा काही मिळाला नाही. सोलापूरचं ४० सोसेल पण पणजीचं ३४ नको असं लोक म्हणतात ते काही नाटक नाही.

मग धावपळ किडनीची. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर पाणी गाळतात, त्यातून लघवी होते दीड लिटरच्या आसपास, बाकीचं सगळं परत रक्तात. शरीरात पाणी कमी पडलं की मेंदूतून एडीएच हे हार्मोन सुटतं, किडनी अजून पाणी धरून ठेवते, लघवी गडद पिवळी होते, आणि त्याच वेळी तहान लागते.

पण नुसतं पाणी पुरत नाही. आतड्यात मीठ आणि साखर एकत्र आली की दोन्ही जोडीने आत शिरतात आणि मागोमाग पाणी शिरतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजून हजारो माणसं वाचवली, तेच आपलं ओआरएस. आणि उकड्या तांदळाच्या पेजेत मीठ घालतात त्यातही हेच, तांदळाच्या पिठूळपणाचं पोटात ग्लुकोज होतं. शेतातून दहाच्या सुमाराला येऊन पेज आणि खारातलं तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी, खाणाऱ्या माझ्या मामांना यातलं काही शिकवावं लागलं नव्हतं.

आईची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. गेल्या मे महिन्यात ती, वय ८१, अचानक असंबद्ध बोलायला लागली, मलाच मावशी म्हणायला लागली, आम्हाला वाटलं वय झालं. दवाखान्यात सोडियम निघालं १२२, असायला हवं १३५ ते १४५. बीपीची गोळी लघवीतून मीठ घालवत होती, घामातून जात होतं ते वेगळंच, आणि आम्ही मात्र गरमीचं म्हणून प्रेमाने तांबेच्या तांबे साधं पाणी पाजत होतो. इतकी वर्षं शिकवूनही माझ्या हे लक्षात आलं नाही. म्हाताऱ्या माणसांची तहान मंदावते, किडनीही तेवढी चपळ राहत नाही, त्यामुळे घरात कुणी बीपी, हार्ट किंवा किडनीच्या औषधावर असेल तर उन्हाळ्यात पाणी किती, मीठ किती हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि कुणी एकाएकी भ्रमिष्टासारखं वागलं तर थांबू नका, लगेच घेऊन जा.

डॉक्टरांनी गोळी बदलली, सोडियम घाई न करता हळूहळू वर आणलं. चौथ्या दिवशी सकाळी आईने मला नावाने हाक मारली आणि विचारलं, पेज ठेवलीस का गं?