वळणाच्या आधीचा ब्रेक

श्रोतेहो, नमस्कार.

गो-कार्ट दिसायला खेळणं वाटते. चार बुटकी चाकं, पाइपांची चौकट, एक सीट आणि एक छोटं इंजिन. दार नाही, छत नाही, भाड्याने मिळणाऱ्या कार्टला तर गिअरही नसतात. पायाखाली दोन पेडल आणि हातात स्टिअरिंग, एवढाच कारभार. म्हणूनच ‘यात शिकायचं काय?’ असं म्हणत लोक बसतात आणि पहिल्या-दुसऱ्या वळणावर गर्रकन फिरून उलट्या तोंडाने उभे राहतात. माझं निरीक्षण असं की यात रोज मोटार चालवणारेच पुढे असतात. ज्याला काहीच येत नाही, तो निदान जपून जातो. मोटारवाल्याच्या अंगात मोटारीच्या सवयी मुरलेल्या असतात, आणि कार्टला त्या सवयी चालत नाहीत.

का चालत नाहीत, ते समजून घेऊ. पहिली गो-कार्ट 1956 साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात तयार झाली. आर्ट इंगल्स हे रेसिंगच्या गाड्या बांधणारे कारागीर. त्यांनी साध्या पाइपांच्या चौकटीवर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलं. त्यानंतर इंजिनं बदलली, टायर सुधारले, आता विजेवरच्या कार्टही आल्या; पण मूळ घडण फारशी बदललेली नाही. कार्टला धक्के शोषणारं सस्पेन्शन नसतं आणि डिफरन्शिअलही नसतं.

हा डिफरन्शिअलचा मुद्दा जरा नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कवायतीत रांग वळते, तेव्हा आतला गडी जवळजवळ जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरच्याला लांब ढांगा टाकाव्या लागतात. गाडीच्या चाकांचंही तसंच. मोटारीत डिफरन्शिअल असतं, त्यामुळे वळताना मागची दोन चाकं आपापल्या वेगाने फिरू शकतात. कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच सलग ॲक्सलवर, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, पक्की बसवलेली असतात. आतलं चाक हळू फिरायला तयार नसतं, बाहेरचं जोरात फिरू शकत नाही, आणि कार्ट हट्टाने सरळच जाऊ पाहते. यावर तोड अशी काढलेली आहे की स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या तिरक्या बसवणीमुळे आतल्या बाजूचं मागचं चाक हलकं होतं, कधी जमिनीपासून किंचित उचललंही जातं. तेवढ्या वेळापुरती कार्ट मागच्या एकाच चाकावर वळते.

म्हणून मोटरसायकलवर झुकतो तसं वळणाच्या आत झुकू नका. जे चाक हलकं व्हायला हवं, त्याच्यावरच आपण आपलं वजन टाकतो. कार्ट हलकी असते, त्यामुळे चालवणाऱ्याचं वजन एकूण भारात बराच मोठा वाटा उचलतं आणि ते कुठे पडतं याने फरक पडतो. पाठ सीटला टेकलेली आणि धड सरळ, हे पुरेसं आहे.

आता ब्रेक. बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलवर असतो. वळणात शिरल्यावर मागचे टायर आधीच कार्टला बाहेर फेकलं जाण्यापासून धरून ठेवत असतात. नेमक्या त्याच वेळी तुम्ही ब्रेक दाबला, तर भार पुढे सरकतो, मागचा भाग हलका होतो आणि वर त्या टायरांवर थांबवण्याचंही काम येऊन पडतं. दोन्ही कामं त्यांना झेपत नाहीत. मागचा भाग सुटतो आणि गिरकी बसते. घाबरून वळणात मारलेला ब्रेक हे गिरकीचं सर्वांत नेहमीचं कारण आहे. उपाय एकच: कार्ट सरळ असताना, स्टिअरिंग फिरवायच्या आधी, ब्रेक दाबून वेग उतरवा. ब्रेक सोडा, मग वळा. वळणाचं दुसरं टोक दिसू लागलं आणि स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवा. वळणात थोडं सावकाश शिरलेला माणूस बाहेर पडताना पुढे निघून जातो, आणि हे चालवून पाहिल्याशिवाय कोणाला पटत नाही.

डावा पाय ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर. दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. ब्रेक आणि इंजिनाचा आपोआप चालणारा क्लच तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो. मोटारवाल्यांचा डावा पाय आधी फार जोरात पडतो, कारण त्याला मोटारीचा क्लच तळापर्यंत दाबायची सवय असते. पहिल्या फेरीत मोकळ्या सरळ भागात ब्रेक एक-दोनदा हलकेच दाबून त्याचा अंदाज घ्या. तसेही पहिल्या फेऱ्यांत टायर थंड असतात आणि त्यांची पकड कमी असते. आणि वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, साधारण चौपट होतं. जमिनीलगत बसल्यामुळे सुरुवातीला वेग आहे त्याहून जास्त वाटतो. थोड्या फेऱ्यांनी नजर सरावते आणि तोच वेग संथ वाटू लागतो. मला विचाराल तर धोका या दुसऱ्या टप्प्यात जास्त आहे.

हात स्टिअरिंगवर घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवा. अंगठे आतल्या दांड्यांभोवती गुंडाळू नका. मधे झटका शोषणारं काहीच नसल्यामुळे पुढच्या चाकाला बसलेला धक्का थेट स्टिअरिंगला येतो आणि अंगठा मुरगळतो. नजर पुढच्या कार्टच्या बंपरवर खिळवू नका, जिथे जायचं आहे तिथे टाका. कठड्याकडे बघत राहणारा कठड्याकडेच जातो.

पुढची चाकं घसरली, म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही कार्ट वळेना, तर आणखी फिरवू नका. थोडं सैल करा आणि ॲक्सिलरेटर सोडा. मागचा भाग सुटला तर ज्या दिशेला तो चालला आहे, त्याच दिशेला स्टिअरिंग थोडं फिरवा. तरीही गिरकी बसलीच, तर ब्रेक पूर्ण दाबून कार्ट थांबू द्या. मग हात वर करा आणि बसून राहा. खाली उतरून कार्ट ढकलायला जाऊ नका. मागून येणाऱ्याला उभी कार्ट दिसते, तिच्यामागून अचानक निघालेला माणूस दिसेलच असं नाही. मार्शल, म्हणजे ट्रॅकवर देखरेख करणारा माणूस, येईपर्यंतचा तो वेळ फार लांब वाटतो, तरी जागचं हलायचं नाही.

बसण्याआधीच्या तयारीत एका गोष्टीवर मी अडून बसतो. मागचा ॲक्सल तुमच्या पाठीशी, बऱ्याचदा उघडाच फिरत असतो. ताशी 50 किलोमीटर वेगाला कार्टचं मागचं चाक सेकंदाला साधारण 15 फेऱ्या घेतं. मोकळा केस किंवा स्कार्फचं टोक त्यात सापडलं, तर हात सोडवायला पोचायच्या आत ते गुंडाळलं गेलेलं असतं. नर्तकी इझाडोरा डंकन 1927 साली फ्रान्समधल्या नीस शहरात मृत्यू पावल्या त्या अशाच. त्यांचा लांब स्कार्फ उघड्या मोटारीच्या मागच्या चाकात अडकला. म्हणून लांब केस बांधून हेल्मेट आणि कॉलरच्या आत खोचायचे. ओढणी, मफलर, लोंबत्या नाड्या ट्रॅकबाहेर ठेवायच्या. नुसता अंबाडा पुरेसा नाही, तो हेल्मेट घालताना सुटतो. हेल्मेट चेहरा झाकणारं असावं आणि हनुवटीचा पट्टा लावल्यावर मान हलवली तर डोक्यावर फिरू नये. बूट बंद हवेत, चपला नकोत. सीट सैल असेल तर पाठीमागे लावायला पॅड मागून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी बरगड्या बोलतात.

सीटच्या पट्ट्याबद्दल हमखास विचारलं जातं. डोक्यावर संरक्षक दांडा असलेल्या कार्टमध्ये पट्टा लावायलाच हवा. रेसिंगच्या उघड्या कार्टला मात्र मुद्दाम पट्टा नसतो, कारण कार्ट उलटली तर माणूस तिच्याखाली बांधलेला राहू नये.

झेंडे थोडक्यात: पिवळा म्हणजे पुढे काही घडलं आहे, वेग कमी आणि कोणाला मागे टाकायचं नाही. निळा म्हणजे मागून वेगवान कार्ट येते आहे, तिला जाऊ द्या. लाल म्हणजे सगळ्यांनी थांबण्याच्या तयारीत मार्शल सांगेल तसं करा. काळा पांढरा चौकडा म्हणजे खेळ संपला.

आणि खेळ संपल्यावर पिटमध्ये, म्हणजे कार्ट उभ्या करायच्या जागेत, शिरताना वेग निम्म्याहून कमी करा. इतक्या फेऱ्यांनंतर संथ वाटणाऱ्या त्या वेगानेच लोक उभ्या असलेल्या कार्टवर जाऊन आपटतात. कार्ट थांबली तरी मार्शलने सांगितल्याशिवाय उठू नका. उतरताना इंजिन आणि सायलेन्सर ज्या बाजूला आहेत, त्याच्या उलट बाजूने पाय टाका. सायलेन्सर बराच वेळ तापलेला असतो आणि पोटरी भाजते. नमस्कार.