सोनाका ते सांजोवेझे

सोलापूरहून बार्शी रस्त्याला लागलं की नान्नज येतं. बाहेरच्यांना हे गाव माळढोकामुळे ठाऊक, द्राक्षवाल्यांना मात्र सोनाका या द्राक्षाच्या वाणामुळे. थॉम्पसन या बिनबियांच्या द्राक्षाच्या बागेत लांबट मण्यांची एक वेगळी काडी निघाली. नानासाहेब काळे यांनी ती हेरली आणि वाढवली. सो म्हणजे सोलापूर, ना म्हणजे नान्नज, का म्हणजे काळे, अशी या नावाची फोड बागायतदार सांगतात.

इटलीची वाईन समजून घ्यायची तर ही फोड फार उपयोगी पडते. तिथल्या बाटलीवर बऱ्याचदा द्राक्षाचं नाव नसतंच, गावाचं असतं. बारोलो हे इटलीच्या पिएमाँते प्रांतातलं गाव, आतलं द्राक्ष नेब्बिओलो. किआंती हा फ्लॉरेन्स आणि सिएनामधला डोंगराळ टापू, द्राक्ष सांजोवेझे. या टापूची हद्द तिथल्या ग्रँड ड्यूकनं १७१६ साली आखून दिली, म्हणजे आपल्याकडे साताऱ्यात शाहू महाराज होते तेव्हा. आजही बाटलीवर ‘किआंती क्लासिको’ लिहायचं तर आत किमान ८० टक्के सांजोवेझे लागतं.

आणि हेच सांजोवेझे आपल्या माळशिरस तालुक्यात पिकतं! अकलूजजवळ २००७ साली फ्रातेल्ली वायनरी उभी राहिली. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी, इटलीचे सेच्ची, अशा तीन घरांतले भाऊ. त्यांच्या एका वाईनचं नाव सेत्ते, म्हणजे सात. उच्चारही आपल्या सातच्या शेजारचाच.

या बागेतला मणी तोंडात टाकलात तर हिरमोड होईल. बारीक मणी, जाड साल, आत बिया. खायच्या द्राक्षाचे घड आपण जिबरेलिक या वाढीच्या संजीवकाच्या द्रावणात बुडवून फुगवतो. इथं फुगलेला मणी नकोच, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. इटलीत वेल थंडीत झोपते, त्यामुळे वर्षाची छाटणी एकच. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. तिकडे किआंतीत तोडणी उरकत आलेली असते, तेव्हा इकडे कात्र्यांना धार लागते.

आता पहिली बाटली कोणती? माझ्या मते सांजोवेझेच. तिला चांगला आंबटपणा असतो, त्यामुळे बेताच्या तिखटाच्या मटणाशी जमतं. शेंगाचटणी आणि कडक भाकरीपुढे मात्र बारोलो उघडू नका. महाग तर आहेच, वर तिखटानं तिचा तुरटपणा अंगावर येतो. त्या ताटाला मोस्कातो द'आस्ती बरी: गोडसर, किंचित फसफसणारी, अल्कोहोल साडेपाच टक्क्यांच्या आसपास. ती गारच प्यायची.

रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं सांगतात. ती खोली युरोपातली. सोलापुरात मे महिन्यात बाटली आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा, आणि पाहुण्यांपैकी कुणी नाक मुरडलं तर त्याला पंख्याखालून उठवा.