तेलात बुडालेले मूग: सोलपासून बुसानपर्यंत

सोलच्या मेट्रोची लाइन १. जोंगनो ५-गा स्टेशनला उतरा आणि ग्वांगजांग बाजारात शिरा. १९०५ साली सुरू झालेला हा बाजार कापडासाठी प्रसिद्ध. हानबोक, म्हणजे कोरियाचा पारंपरिक पोशाख, शिवून घ्यायला लोक आजही इथे येतात. पण मधल्या बोळात पोचलात की कापड विसराल.

दगडी जातं घरघरतंय, विजेवर. त्यात भिजवून सोललेले मूग. हो, आपलेच मूग! वाटणात मोड आलेले मूग, किमची (म्हणजे आंबवलेला तिखट कोबी), कांद्याची पात आणि बहुतेक वेळा डुकराचं मांस. हे झालं बिंदेत्तोक. आपल्या धिरड्याचं नातेवाईक म्हणा, फक्त धिरड्याला तेलाचं बोट पुरतं आणि हे तव्यावरच्या तेलात अर्धं बुडून तळलं जातं. कडा कुरकुरीत, पोट मऊ.

सोबत सोया सॉस आणि व्हिनेगरमध्ये मुरलेला कांदा येतो. तो बाजूला सारू नका, एवढं तेल त्याच्याच जोरावर पचतं. आणि वाडग्यात माकगोली, तांदळाची दुधट, आंबूस दारू. पाऊस लागला की कोरियन माणसालाही तळलेलंच आठवतं, आणि त्याबरोबर हीच.

शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं. मांस नसलं, तरी किमचीत खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा सॉस असू शकतो.

रस्त्यावरच्या गाड्यांवर दिसतं ते त्विगिम: रताळं, मिरची, माकूळ पिठात घोळवून तळलेलं. यात गिम-मारी चुकवू नका, समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या शेवया. ढिगातलं उचललं की गाडीवाल्या मावशी ते पुन्हा तेलात सोडतात, कात्रीने कापतात. कोरडं खाण्यात मजा नाही. शेजारच्या त्तोकबोक्कीच्या, म्हणजे तांदळाच्या चिवट वळकट्यांच्या, लालभडक, गोड-तिखट रश्श्यात बुडवा.

गोडासाठी मात्र दक्षिण किनाऱ्यावरचं बुसान शहर गाठा. सोलहून वेगवान रेल्वेने अडीच-तीन तास. तिथल्या नाम्पो-दोंग भागातल्या बिफ (BIFF, बुसानचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) चौकात सिआत होत्तोक मिळतो. आंबवलेल्या पिठाच्या गोळ्यात साखर भरून तो तेलात दाबत तळतात, मग पोट चिरून त्यात सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या बिया कोंबतात. आत साखरेचा उकळता पाक असतो, तेव्हा जिभेला जरा धीर धरायला सांगा. रांग मोठी असली तरी ती सरकते भराभर. कागदी कपात होत्तोक घेऊन मोठा रस्ता ओलांडला, की समोर जागाल्चीचा मासळी बाजार.