मृत्युपत्राच्या तीन चाव्या

श्रोतेहो, नमस्कार.

पॅरिसमध्ये सीन नदीच्या बेटावर एक जुना राजवाडा आहे. राजे तिथून कधीच दुसरीकडे राहायला गेले होते आणि तिथे न्यायालय भरत होतं. १७१४ सालच्या ऑगस्टमध्ये त्या वाड्याच्या एका बुरुजात, जाड भिंतीत, एक कोनाडा खोदला गेला. आत एक मोहोरबंद लखोटा ठेवला. पुढे लोखंडी दार, दारापुढे लोखंडी जाळी. चाव्या तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या माणसांकडे: एक मुख्य न्यायाधीशाकडे, दुसरी सरकारी वकिलाकडे, तिसरी दप्तरदाराकडे.

लखोट्यात होतं चौदाव्या लुईचं मृत्युपत्र. मुलगा गेलेला, थोरला नातू गेलेला. गादीला उरला होता चार वर्षांचा पणतू. तो सज्ञान होईपर्यंत राज्य कुणी आणि कसं चालवायचं, ते म्हाताऱ्या राजानं लिहून ठेवलं होतं. पुतण्यावर, म्हणजे ऑर्लेआँच्या ड्यूकवर, त्याचा भरवसा नव्हता. म्हणून सत्ता एका मंडळाकडे आणि छोट्या राजाची राखण आपल्या अनौरस मुलाकडे, अशी तजवीज होती.

१ सप्टेंबर १७१५ ला राजा वारला. २ सप्टेंबरला लखोटा फुटला, मृत्युपत्र वाचलं गेलं, आणि त्याच दिवशी रद्दबातल ठरलं. बहात्तर वर्षं राज्य केलेल्या माणसाचा शब्द त्याच्यामागे एक दिवससुद्धा टिकला नाही.

हाच तो राजा बरं का, ज्याच्या तोंडी ‘राज्य म्हणजे मीच’ हे वाक्य घातलं जातं. गोष्ट अशी सांगतात की १६५५ च्या एप्रिलमध्ये, सोळा वर्षांचा लुई शिकारीच्या पोशाखात थेट न्यायसभेत शिरला आणि हे बोलला. तो आला होता, शिकारीच्या कपड्यांत आला होता, न्यायाधीशांना त्यानं खडसावलंही होतं, हे खरं. पण ते वाक्य त्या दिवसाच्या नोंदींत नाही. मरताना मात्र तो जवळजवळ उलटं बोलल्याचं दरबारातल्या माणसानं टिपून ठेवलंय: मी चाललो, पण राज्य कायम राहील. शाळेत आपण पहिलं वाक्य पाठ केलं, दुसरं कुणी सांगितलंच नाही.

आता ही न्यायसभा म्हणजे काय? फ्रेंचमध्ये तिला ‘पार्लमाँ’ म्हणतात, आणि इथेच गोंधळ होतो. इंग्लंडच्या पार्लमेंटशी तिचा संबंध नावापुरता. ही निवडून आलेल्या लोकांची सभा नव्हती, वरिष्ठ न्यायालय होतं. पण एक दोरी तिच्या हातात होती. राजानं कायदा केला की तो पार्लमाँच्या वहीत नोंदवावा लागे, त्याशिवाय त्याचा अंमल नाही. न्यायाधीशांना तो खटकला तर ते हरकतपत्र लिहीत, नोंद लांबवत. राजाचा कडक हुकूम आला तरी पुन्हा हरकत. शेवटचा उपाय एकच: राजानं स्वतः यायचं, छताखाली रचलेल्या गाद्यांवर बसायचं आणि डोळ्यांदेखत नोंद करून घ्यायची. या बैठकीला ते ‘न्यायशय्या’ म्हणत. राजा समोर असला की बाकीच्यांचे अधिकार त्याच्यात विरघळतात, असा त्यामागचा हिशेब.

मग तुम्ही म्हणाल, इतका त्रास कशाला? असे न्यायाधीश घरी बसवायचे!

इथेच खरी मेख आहे. बसवणार कसे? त्या खुर्च्या राजानंच विकलेल्या होत्या.

युद्धाला पैसा लागे. सरदारांवर कर बसवणं अवघड, धर्मसंस्था आपल्या मर्जीनं ‘देणगी’ देणार, आणि शेतकऱ्याला पिळायलाही मर्यादा असते. तेव्हा राजांनी पदं विकायला काढली. न्यायाधीश, खजिनदार, लेखापरीक्षक. घेणाऱ्याला पगार मिळे, जो खरं तर त्याच्या रकमेवरचं व्याजच होता. करांतून सूट मिळे. वरच्या पदांना तर सरदारकीही. एक अडचण होती. पद मुलाच्या किंवा दुसऱ्याच्या नावे करून दिल्यावर चाळीस दिवसांच्या आत बाप मेला, तर ते परत राजाकडे. १६०४ साली चौथ्या हेन्रीनं तीही सोडवली: पदाच्या किमतीचा साठावा भाग दरवर्षी भरा, चाळीस दिवसांची अट माफ. ज्या पोले नावाच्या मक्तेदारानं ही वसुली घेतली, त्याच्यावरून या कराला ‘पोलेत’ म्हणू लागले. झालं, पद वडिलोपार्जित मालमत्ता बनलं. घर, शेत आणि न्यायाधीशाची खुर्ची, तिन्हींची वाटणी एकाच कागदावर.

आपल्याला हे नवं नाही. आपण याला वतन म्हणतो. आपलं वतन असं बाजारात मांडून विकलेलं नसे, हा फरक आहेच. पण पद रक्तात उतरलं की राजाच्या हाती काय उरतं, हा प्रश्न तोच. लुई वारला त्याच सुमारास इकडे रामचंद्रपंत अमात्य आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद, म्हणजे वाटा मागणारे भाऊबंद, म्हणत होते. फ्रान्सच्या राजानं हे दायाद रोख पैसे घेऊन जन्माला घातले होते.

आणि दायाद कधी उठतात? वाट्याला हात लागला की. १६४८ मध्ये लुई नऊ वर्षांचा होता, आई राजप्रतिनिधी, कारभार कार्डिनल माझारँच्या हाती, खजिना रिकामा. पोलेतची मुदत वाढवायची होती. माझारँ म्हणाला, वाढवतो, पण वरिष्ठ न्यायालयांच्या अधिकाऱ्यांनी चार वर्षांचा पगार सोडावा. त्यातून त्यानं पॅरिसच्या पार्लमाँला वगळलं होतं. फूट पडेल असा डाव, आणि तो उलटला. सगळी न्यायालयं एक झाली. मागण्या मात्र पगारावर थांबल्या नाहीत: आमच्या मंजुरीशिवाय नवा कर नको, आणि चौकशीविना कुणालाही चोवीस तासांपेक्षा जास्त डांबायचं नाही. स्वार्थ आणि तत्त्व एकाच ताटात जेवत होते. मला हे माणसांच्या स्वभावाला धरून वाटतं. नुसत्या तत्त्वासाठी इतके वकील-न्यायाधीश एकत्र आले असते, यावर माझा विश्वास बसत नाही.

ऑगस्टमध्ये ब्रुसेल नावाच्या वृद्ध न्यायाधीशाला पकडलं, तर पॅरिसच्या रस्त्यांवर पिंपं, साखळ्या, दगड रचून अडथळे उभे राहिले. त्याला सोडावं लागलं. या बंडाचं नाव ‘फ्रोंद’, म्हणजे आपली गोफण. जानेवारी १६४९ च्या एका रात्री राणी दोन्ही मुलांना घेऊन शहराबाहेर पळाली. थंडीचे दिवस आणि वाड्यात सामान नाही, सोबतच्या दरबाऱ्यांना गवताच्या पेंढ्यांवर झोपावं लागलं. त्याच महिन्याच्या ३० तारखेला लंडनमध्ये पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवलं गेलं. तो लुईच्या सख्ख्या आत्याचा नवरा. आणि दोन वर्षांनी, १६५१ च्या फेब्रुवारीत, राजा पुन्हा पळाला की काय या संशयानं पॅरिसची माणसं मध्यरात्री राजवाड्यात शिरली. बारा वर्षांचा लुई अंथरुणात डोळे मिटून पडला, आणि लोक रांगेनं येऊन राजा झोपलाय याची खात्री करून गेले.

मोठेपणी त्यानं न्यायाधीशांना वचकात ठेवलं. १६७३ मध्ये हुकूम काढला की आधी नोंद, हरकत नंतर. नंतरची हरकत म्हणजे वरात गेल्यावरचा बँडबाजा. पण खुर्च्यांना त्याला हात लावता आला नाही. त्याचा मंत्री कोलबेर हिशेबाचा पक्का. १६६५ मध्ये त्यानं मोजदाद केली. सुमारे ४६ हजार पदं, किंमत जवळपास ४२ कोटी लिव्र, म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन. ती रद्द करायची तर एवढे पैसे परत करायचे. कुठून? उलट, पुढच्या युद्धांत आणखी पदं काढून विकली गेली. एक अर्थमंत्री राजाला म्हणाला असं सांगतात: महाराज, आपण एक पद निर्माण केलंत की देव ते विकत घ्यायला एक मूर्ख निर्माण करतो. मूर्ख तर खरेच, पण त्यांच्याकडे पावती होती.

आता पुन्हा बुरुजाकडे येऊ. म्हाताऱ्या राजाला आपल्या लखोट्याचं काय होणार याचा अंदाज होता, आणि तसं तो बोललाही होता. त्यानं ते पाहिलेलं होतं. १६४३ च्या मेमध्ये त्याचे वडील वारले, तेव्हा त्यांनीही राणीचे हात बांधणारी व्यवस्था लिहून ठेवली होती. चार दिवसांत पार्लमाँमध्ये न्यायशय्या भरली आणि ती व्यवस्था मोडली. त्या गाद्यांवर बसवलेला राजा होता साडेचार वर्षांचा चौदावा लुई स्वतः.

१७१५ मध्ये तेच नाटक झालं, पात्रं बदलली. ऑर्लेआँच्या ड्यूकला पूर्ण सत्ता मिळाली, आणि पंधरवड्यात त्यानं पार्लमाँला नोंदीआधी हरकत घेण्याचा हक्क परत दिला. सौदा रोखीचा होता.

पुढची सत्तर वर्षं न्यायाधीशांनी तो हक्क भरपूर वापरला, बऱ्याचदा करात समता आणू पाहणाऱ्या मंत्र्यांविरुद्धही. १९ नोव्हेंबर १७८७ ला सोळावा लुई कर्जाचा ठराव घेऊन तिथे आला: ४२ कोटी लिव्र. कोलबेरच्या बेरजेशी आकडा जुळतो तो निव्वळ योगायोग, मधल्या काळात पैशाचं मोल बदललेलं. ऑर्लेआँचा तेव्हाचा ड्यूक, त्या जुन्या ड्यूकचा पणतू, उठून म्हणाला, हे बेकायदेशीर आहे. राजा गडबडला, आणि म्हणाला, कायदेशीर आहे, कारण माझी तशी इच्छा आहे. पुढल्या ऑगस्टमध्ये खजिन्यानं देणी थांबवली.

४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री, राज्यक्रांती पेटलेली असताना, फ्रान्सच्या राष्ट्रसभेनं पदांची विक्री बंद केली, वर्षभरानं पार्लमाँही उठवली. पण खुर्च्यांचे पैसे बुडवले नाहीत. ती खासगी मालमत्ता होती ना! भरपाई दिली गेली चर्चच्या जप्त जमिनींच्या तारणावर छापलेल्या ‘असिन्या’ नावाच्या कागदी नोटांत, आणि त्या नोटांची किंमत महिन्यागणिक उतरत चालली होती.