पंपावर खापर फोडण्याआधी कॉइल बघा

मंडळी, आजचा विषय ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे बटण दाबलं की विजेवर तेलाची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, बदलण्याचा. पण तो बदलायची वेळ खरंच आलीय का, यावर आधी बोलू द्या. ही गोष्ट माझ्या मनात फार दिवस खदखदतेय.

पलूस भागातले एक काका. आडसाली उसाच्या लागणीसाठी रान करायचं होतं, वाफसा, म्हणजे नांगरटीजोगी ओल, हवा तसा आलेला. ट्रॅक्टरची लिफ्ट बटणावरची. सकाळी नांगर झकास उचलायचा. दुपारी बटण दाबून बोट दुखलं तरी नांगर रानातच. संध्याकाळी ट्रॅक्टर गार झाला की परत ठणठणीत. एका वर्कशॉपने ऐकल्या ऐकल्या निकाल दिला, पंप गेला. पंप येईपर्यंत पाऊस आला, वाफसा गेला. नवा पंप बसवला, आणि दुसऱ्याच दुपारी नांगर पुन्हा मातीत रुतून. पैसे गेले ते गेलेच, पण गेलेला वाफसा कुठल्या बिलात धरायचा? मला राग आहे तो याचा.

वर्कशॉपवाल्यांचा तर्क अगदीच बिनबुडाचा नव्हता. तेल तापलं की पातळ होतं, आणि झिजलेल्या पंपातून ते आतल्या आत निसटतं. पण त्याच ट्रॅक्टरवर भर दुपारी ट्रॉलीचा जॅक भरल्या मालासकट उठत होता! लिफ्टला आणि जॅकला तेल एकाच पंपाचं. जॅकचा लिव्हर हाताचा, त्यात विजेचा संबंध नाही. म्हणजे पंप धडधाकट. हे विचारलं कुणी? जॅकवाली ट्रॉली कुणाकुणाकडे आहे, हात वर करा बरं. बघा, निम्मी सभा! तपासणीचं यंत्र तुमच्या दारात उभं आहे आणि तुम्ही त्यातून खत वाहताय.

दोष होता कॉइलमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या तारेच्या गुंडाळीत. गार असताना मीटर आठेक ओहम दाखवायचा, तापल्यावर काहीच नाही. आतली तार तुटलेली. गार असताना टोकं टेकायची, तापली की सुटायची. तारेतून वीज गेली की चुंबक होतो, हे १८२० सालापासून माहीत आहे. तो चुंबक आतली दांडी ओढतो, तेलाची वाट उघडते. पण वायर दिसली की आपला माणूस मागे सरतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हाही लोखंडाने जमीन नासते म्हणून लोक भ्यायले होते. पुढे १९१० मध्ये याच तालुक्यात किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती भीती गेली, तशी ही पण जाईल.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, आता भराभर सांगतो.

आधी फ्यूज, कनेक्टरचा गंज, अर्थिंग बघा. मग कॉइल मोजा, गार आणि तापलेली, दोन्ही वेळा. कॉइल व्हॉल्व्हवर बाहेरून बसते. तेवढीच खराब असेल तर वरचा नट काढून बदला, तेलाचा थेंब सांडत नाही. नवी त्याच व्होल्टची घ्या. काहींत डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असतो, तिथे प्लस-मायनस उलटं चालत नाही.

कॉइल चांगली, वीजही पोहोचतेय, तरी दांडी हलत नसेल तरच व्हॉल्व्ह खोला. अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर पुढे-मागे करून प्रेशर सोडा, बॅटरीची निगेटिव्ह काढा. भोवतालची माती आधी धुऊन पुसा, कारण बहुतेक वेळा व्हॉल्व्ह अडकतो तो कचऱ्यानेच. जुनी ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी रिंग, आत राहिली नाही ना, बघा. नव्या रिंगांना तेल लावून व्हॉल्व्ह हाताने फिरवत बसवा, मग पुस्तकात दिलाय तेवढाच टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर. जास्त आवळला की दांडी आतच जखडते. तेल काळं असेल तर तेल आणि फिल्टर दोन्ही बदला, नाहीतर नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेने जाईल.

इंजिन चालू करून रिकामी लिफ्ट वर-खाली करा. गळती पुठ्ठा धरून शोधा, हाताने कधीच नाही. बारीक छिद्रातली तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी घरी थांबू नका, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि हायड्रोलिकचं तेल आत गेलंय हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.