जामीन झाला, जामीनदार कुठून आणू?

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘फौजदारी न्याय : तपास ते निकाल’. वेळ पाऊण तास. आमच्या कोर्टात तेवढ्यात पुकाराही होत नाही. (हशा) येतो विषयाकडे, पण आधी एक किस्सा.

बीडकडचा एक ऊसतोड कामगार मोटारसायकल चोरीच्या संशयावरून आमच्याकडं धरला होता. मी नवा वकील. १५ हजारांचा जामीन मंजूर झाला, ‘एका स्थानिक जामीनदारासह’. मी ऐटीत त्याच्या बायकोला सांगितलं, उद्या सुटतो. सुटला तेविसाव्या दिवशी.

भाऊ सातबारा आणि शिधापत्रिका घेऊन एसटीनं आला. कोर्टातले बाबू म्हणाले, ‘जमीन परजिल्ह्यातली, पडताळणी कोण करणार? तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला आणा.’ भाऊ माघारी गेला, तर तलाठी लग्नाला गेलेला. मी राहतो म्हणावं, तर वकिलाला अशिलाचा जामीन राहता येत नाही, नियमच आहे. वडाखाली मात्र धंदेवाईक जामीनदार बसलेले. एकेका सातबाऱ्यावर किती जणांना सोडवलं असेल, देव जाणे! शेवटी आमचा चहावाला उभा राहिला. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, ‘आरोपीला किती दिवस ओळखता?’ तो म्हणाला, ‘ओळखत नाही साहेब. पण तेवीस दिवस त्याचा भाऊ माझ्याकडं उधारीवर चहा पितोय. हा सुटल्याशिवाय ती फिटायची नाही.’ (हशा) इतका खरं बोलणारा जामीनदार मला पुन्हा भेटला नाही.

गंमत म्हणजे हे सगळं सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्येच निकालात काढलं होतं. मोतीराम, मध्य प्रदेशातला गवंडी. मॅजिस्ट्रेटनं १०,००० चा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १,००० च्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय, त्याच्या स्वतःच्याच हमीवर सोडायला सांगितलं. तो निकाल आमच्या बाबूंच्या टेबलापर्यंत पोचला नव्हता. माझ्याही नाही, हे कबूल करतो.

मोठ्यांचंही अडतं बरं का. ऑक्टोबर २०२१. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेर सुटकेचे आदेश टाकायची जामीनपेटी असते, तिच्यात कागद वेळेत पडला नाही, म्हणून एका सुपरस्टारच्या मुलाला आणखी एक रात्र आत काढावी लागली. आरोपपत्रात पुढे त्याचं नावही आलं नाही. पण त्याला जामीन राहायला जुही चावला होत्या. आमच्या माणसाला चहावाला.

चिठ्ठी आलीय, ‘पाच मिनिटं’. तर तपास राहिला, निकालही राहिला. झटपट सांगतो. देशातल्या तुरुंगांत चार कैद्यांमागे साधारण तीन कच्चे, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेले. त्यातले काही जामीन मंजूर होऊनही आत, कारण आपण माणूस तारखेला येईल का हे त्याच्या जमिनीवरून ठरवतो. त्याचं काम, घर, शाळेत जाणारी पोरं, हे कुणी विचारत नाही. जामीन होऊन महिना झाला तरी जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टानं आपणहून अटी सैल करण्याचा विचार करावा, असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलंय. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडायची तरतूद आहे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. म्हणून माझी मागणी एकच आहे. पहिला पर्याय जातमुचलका हवा. जामीनदार मागायचाच असेल तर का, ते साहेबांनी आदेशात लिहावं.

झडतीच्या चित्रीकरणाबद्दल बोलायचं होतं, पण अध्यक्ष घड्याळ काढतायत. ते चहाच्या वेळी विचारा.