ग्रिड पडते ती नेमकी कशामुळे

ग्रिड, म्हणजे वीजकेंद्रं आणि तारांचं जोडलेलं जाळं, पडली की सगळ्यांना वाटतं वीज कमी पडली असणार. दरवेळी तसं नसतं. काही फार गाजलेल्या ब्लॅकआउटमध्ये वीज पुरेशी होती, फक्त शेजारच्या कंट्रोल रूममध्ये काय चाललंय ते इकडे नीट माहीत नव्हतं, आणि आज मला त्याच्यावरच बोलायचंय.

आधी थोडं बेसिक. बॅटऱ्या आल्यात हो, पण अजूनही बहुतेक वीज तयार होते त्याच क्षणी वापरली जाते, त्यामुळे उत्पादन आणि मागणी सतत जुळलेली पाहिजे, आणि ती जुळतेय का हे फ्रिक्वेन्सी सांगते. फ्रिक्वेन्सी म्हणजे वीजप्रवाह सेकंदाला किती वेळा पुढेमागे होतो तो, 50 हर्ट्झचा आकडा, मागणी वाढली की जोडलेली सगळी जनरेटर किंचित मंदावतात आणि तो खाली येतो, वीज जास्त झाली की वर जातो. पहिल्या काही सेकंदांत टर्बाइनचे गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारी यंत्रणा, आपोआप सावरतात, मग कंट्रोल सेंटरचे सिग्नल जातात, आणि तरी नाही भागलं तर ऑपरेटर राखीव युनिट चालू करायला सांगतो.

मगाशी एकाने विचारलं, मग वेगवेगळ्या ग्रिड जोडायच्याच कशाला? कारण हजार मेगावॅटचं युनिट अचानक बंद पडलं तर एकट्याला ते झेपत नाही, दहा जण मिळून सहज उचलतात. पण मग शेजाऱ्याचं दुखणंही तुमच्याकडे येतं. वीज कोणाच्या करारावर वाहत नाही, एक लाइन गेली की तिचा भार बाकीच्या लाइन आपोआप घेतात, कोणाला विचारत नाहीत! म्हणून नियम असा, एन मायनस वन, म्हणजे कुठलीही एक लाइन किंवा एक युनिट गेलं तरी उरलेलं टिकलं पाहिजे.

आता 4 नोव्हेंबर 2006 चं बघा. उत्तर जर्मनीत एम्स नदीवरून एक नवं क्रूझ जहाज समुद्राकडे न्यायचं होतं, त्यासाठी नदीवरची 380 केव्हीची (किलोव्होल्ट) डबल सर्किट, म्हणजे एकाच मनोऱ्यांवर दोन जोड्या तारांची लाइन बंद करायची होती. तसं हे आधीही केलेलं काम. ठरलं होतं रात्री एक वाजता, ते आदल्या रात्री दहावर आणलं, पण शेजारच्या ग्रिड कंपन्यांना हे फार उशिरा कळलं. लाइन बंद झाली आणि भार दुसऱ्या एका लाइनवर चढला, जी दोन कंपन्यांना जोडत होती, आणि गंमत बघा, त्या एकाच लाइनच्या दोन टोकांना प्रोटेक्शनची, म्हणजे किती करंटला लाइन आपोआप तुटेल त्याची, सेटिंग वेगवेगळी होती आणि इकडच्या ऑपरेटरला तिकडची कमी मर्यादा माहीत नव्हती. त्यांनी घाईत सबस्टेशनमधले बसबार, म्हणजे सगळ्या लाइन जिथे येऊन मिळतात त्या पट्ट्या, जोडले, हिशेब असा की करंट 80 अँपिअरने उतरेल. प्रत्यक्षात तो 67 ने वाढला. लाइन ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, मग पुढची, मग त्याच्या पुढची, आणि काही सेकंदांत युरोपची ग्रिड तीन तुकड्यांत फुटली. पश्चिमेच्या तुकड्यात फ्रिक्वेन्सी 49 पर्यंत आली, दीड कोटी घरांची वीज गेली.

पण इथे एक गोष्ट चांगली झाली, जिचं कौतुक कोणी करत नाही. फ्रिक्वेन्सी खाली गेल्यावर रिलेंनी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्विचांनी, सुमारे 17 हजार मेगावॅट लोड, म्हणजे ग्राहकांचा वापर, तोडला, म्हणून बाकीचं वाचलं आणि तिन्ही तुकडे 38 मिनिटांत परत जोडता आले. ज्यांची वीज गेली ते चिडले असणारच, पण तोच तर बंदोबस्त होता. भारतात जुलै 2012 मध्ये बिना-ग्वाल्हेर 400 केव्ही लाइन ट्रिप झाली आणि लागोपाठ दोन दिवस ग्रिड कोसळली, तेव्हा चौकशी समितीने काढलेल्या त्रुटींमध्ये हेही होतं की हे लोड तोडणारे रिले पुरेसे चालले नाहीत.

आणि 14 ऑगस्ट 2003, अमेरिकेतलं ओहायो. अलार्मचं सॉफ्टवेअर बंद पडलेलं, ऑपरेटरला पत्ताच नाही, तारा झाडांना लागून एकेक लाइन बंद पडत चाललीय आणि स्क्रीनवर सगळं शांत, शेवटी 5 कोटी लोक अंधारात. तोपर्यंत तिथले विश्वासार्हतेचे नियम ऐच्छिक होते, पाळले तर पाळले, 2005 मध्ये कायदा झाला आणि 2007 पासून नियम मोडला की दंड. युरोपात 2008 मध्ये ब्रसेल्सला एक सामायिक केंद्रच काढलं, ज्याचं कामच एका कंपनीच्या हद्दीपलीकडची ग्रिड बघणं.